परकीय चलनाचा विनिमय : फलकावरील दर आणि हाती पडणारे रुपये

परकीय चलन हा केवळ बँका आणि मोठ्या व्यापारी पेढ्यांचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज आहे. गोमंतकाच्या बाबतीत तो खरा नाही. जहाजावर नोकरी करणारे तारवटी, आखाती देशांत गेलेले कामगार, किनाऱ्यालगतच्या गावांत पर्यटकांना खोल्या देणारी कुटुंबे, टॅक्सीचालक, लहान दुकानदार अशा अनेकांच्या घरी केव्हा ना केव्हा डॉलर, युरो, पौंड किंवा दिरहॅम येतात. हे धन कष्टाने मिळविलेले असते. परंतु त्याचे रुपये करून घेताना पुरेशी माहिती नसल्यामुळे त्यातील काही भाग विनाकारण गमावला जातो. म्हणून या व्यवहाराचे स्वरूप प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

एका दराची जुनी सवय

चलनाचा दर सरकार ठरविते आणि तो सर्वत्र सारखाच असतो, ही समजूत निराधार नाही. पूर्वी तशीच स्थिती होती. १९५९ साली गोव्यातील पोर्तुगीज राजवटीने आपल्या रुपयाऐवजी एस्कुदो हे चलन आणले, तेव्हा एका रुपयास सहा एस्कुदो असा दर ठरवून दिला होता. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर येथे भारतीय रुपया आला. त्याचीही परकीय किंमत त्या काळी सरकारच ठरवीत असे. जून १९६६ मधील अवमूल्यनाने डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला, तो अशाच निर्णयाने. मार्च १९९३ पासून मात्र रुपयाची किंमत बाजारातील मागणी व पुरवठा यांवर ठरू लागली. तेव्हापासून दर दररोज, किंबहुना दिवसातून अनेकदा बदलतो, आणि एका पेढीचा दर दुसरीच्या दराशी जुळेलच असे नाही.

खरेदीचा दर व विक्रीचा दर

वृत्तपत्रांत किंवा दूरचित्रवाणीवर सांगितला जाणारा दर हा बँकांच्या आपापसांतील मोठ्या व्यवहारांचा असतो. सामान्य ग्राहकास तो मिळत नाही. त्याच्यासाठी फलकावर दोन दर असतात. पेढी ग्राहकाकडून ज्या दराने चलन घेते तो खरेदीचा दर, आणि ज्या दराने ग्राहकास देते तो विक्रीचा दर. हे दोन्ही शब्द पेढीच्या बाजूने योजलेले आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवली की घोटाळा होत नाही.

केवळ हिशेबापुरते असे समजू या की, युरोचा खरेदीचा दर ९७ रुपये आणि विक्रीचा १०३ रुपये आहे. प्रवासासाठी २०० युरो घेणाऱ्यास २०,६०० रुपये मोजावे लागतील. प्रवास रद्द होऊन त्याच दिवशी त्याने ते परत केले, तर त्यास १९,४०० रुपये मिळतील. मधले १,२०० रुपये गेले. ‘कमिशन आकारले जात नाही’ अशी पाटी ज्या पेढीवर असते, तिचा मोबदला बहुधा या अंतरातच सामावलेला असतो.

आता दोन पेढ्यांची तुलना करू. पहिली एका युरोस ९८ रुपये देते, परंतु प्रत्येक व्यवहारास ३०० रुपये शुल्क घेते. दुसरी ९६ रुपये ५० पैसे देते व शुल्क घेत नाही. शंभर युरो मोडणाऱ्यास पहिलीकडे ९,५०० आणि दुसरीकडे ९,६५० रुपये मिळतील. हजार युरो मोडणाऱ्यास मात्र पहिलीकडे ९७,७०० आणि दुसरीकडे ९६,५०० रुपये मिळतील. एकाला सोयीची असलेली पेढी दुसऱ्याला तोट्याची ठरते. वस्तू व सेवा कर दोन्हीकडे द्यावा लागतो, तो निराळा. तात्पर्य, दर किती असे न विचारता, ‘सर्व वजावट जाऊन हाती किती रुपये पडतील?’ असे विचारावे. शाळांतील शिक्षकांनी टक्केवारी शिकविताना अशी उदाहरणे घेतल्यास हे ज्ञान घरोघरी सहज पोहोचेल.

व्यवहार कोणाशी करावा?

परकीय चलन विकत घेण्याचा व विकण्याचा व्यवसाय रिझर्व बँकेच्या परवान्याशिवाय करता येत नाही. परवानाधारक बँका व अधिकृत चलन विनिमय पेढ्या यांच्याकडेच व्यवहार करावा व पावती अवश्य घ्यावी. निवासी नागरिकास विनिमयाची रक्कम रोख स्वरूपात एक हजार डॉलरच्या मूल्यापर्यंतच मिळते. त्यापुढील रक्कम धनादेशाने किंवा खात्यात दिली जाते.

पर्यटकाने टॅक्सीचे भाडे किंवा बक्षीस म्हणून परकीय नोट दिली, तर ती स्वीकारणे हा गुन्हा नव्हे. ती नोट बँकेत किंवा अधिकृत पेढीत मोडावी. रस्त्यावर जादा दर देऊ करणाऱ्यास ती विकणे मात्र बेकायदेशीर होय. अशा व्यवहारात पावती नसते आणि खोट्या नोटा हाती आल्यास दादही मागता येत नाही. परदेशातून हवाल्याने आलेल्या पैशाचीही तीच गत आहे. १ जून २००० पासून अमलात असलेल्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अशा उल्लंघनास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

परदेशी जाताना व परतताना

निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात सर्व अनुज्ञेय कारणांसाठी मिळून अडीच लाख डॉलरपर्यंत चलन परदेशी नेता वा पाठविता येते. परंतु बहुतेक देशांच्या प्रवासात नोटांच्या रूपाने दर खेपेस तीन हजार डॉलरच नेता येतात. उरलेली रक्कम प्रवासी कार्डावर घ्यावी लागते. परदेशातील दुकानात कार्ड वापरताना, रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात, असे यंत्र विचारते. रुपये हा पर्याय ओळखीचा वाटला, तरी त्यात दुकानदाराच्या बाजूने लावलेला, सामान्यतः महाग दर असतो. म्हणून स्थानिक चलनच निवडावे.

परतताना कितीही चलन आणता येते. मात्र नोटा पाच हजार डॉलरहून अधिक, किंवा सर्व मिळून रक्कम दहा हजार डॉलरहून अधिक असल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे लेखी घोषणा करावी लागते. शिल्लक राहिलेले चलन परतल्यापासून १८० दिवसांत मोडणे आवश्यक आहे. दोन हजार डॉलरपर्यंतचे चलन मात्र जवळ ठेवता येते. या मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून प्रवासापूर्वी बँकेत चौकशी करून घ्यावी.

दर वर जाणे वा खाली येणे कोणाच्याही हाती नाही. परंतु दोन ठिकाणी चौकशी करणे, हाती पडणाऱ्या रुपयांचा आकडा आधी विचारणे आणि पावती जपून ठेवणे, या तीन गोष्टी प्रत्येकाच्या हाती आहेत. दूरदेशी राबून मिळविलेल्या पैशाचे पूर्ण मोल कुटुंबाच्या पदरी पडण्यास एवढी दक्षता पुष्कळ उपकारक ठरेल.