आठ-दहा भरत्यांची मुदत

कफ परेडच्या मच्छीमार नगराजवळ तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, एक पट्टा उरला आहे. एका बाजूला होड्या आणि जाळी, दुसऱ्या बाजूला उंच इमारती. मुंबईतली बहुतेक खारफुटी उपनगरांतल्या खाड्यांवर आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2019 च्या अहवालात उपनगर जिल्ह्याच्या वाट्याला 64 चौरस किलोमीटर खारफुटी आहे, तर शहर जिल्ह्याच्या वाट्याला फक्त 2.

या चिमुकल्या तुकड्यात मोजदाद सुरू केली की डोकं गरगरतं. दोन-तीन मीटर उंचीच्या एका तिवराला चिखलातून वर आलेली 10,000 हून अधिक श्वसनमुळं असू शकतात. मुंबईच्या किनाऱ्यावर दर 12 तास 25 मिनिटांनी भरती येते, म्हणजे वर्षाला सुमारे 705. उधाणाचं पाणी पार आतल्या झाडापर्यंत पोहोचतं, भांगाचं मध्येच थांबतं.

तिवराचं फूल जेमतेम काही मिलिमीटरचं, पिवळट-केशरी. त्याच फुलातले परागकण आधी मोकळे होतात, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे पराग एका फुलावरून दुसऱ्यावर न्यायला मधमाश्या, गांधीलमाश्या आणि माश्या लागतात. फुलाच्या अंडाशयात चार बीजांडं असतात, पण बहुधा एकाचंच बीज होतं. एका फुलाला एकच संधी! याच किनाऱ्यावरची पांढरी चिप्पी, जिला 2020 मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरवलं गेलं, ती मात्र रात्री फुलते आणि वटवाघळांना बोलावते. मलेशियात गुहेतली वटवाघळं तिच्या फुलांसाठी 30 किलोमीटरहून लांब उडत गेल्याची नोंद आहे.

तिवराचं बी झाडावर असतानाच आत रुजतं आणि पावसाळ्यात गळतं. पाण्यात पडलं की साधारण चार-पाच दिवसांत वरची पातळ साल सुटते आणि बहुतेक बिया बुडू लागतात. तेवढ्या काळात आठ-दहा भरत्या येऊन जातात. त्यातच मऊ चिखल गाठून मूळ धरायचं. बहुतेक बिया मूळ झाडाच्या आसपासच थांबतात, थोड्याच लांब जातात.

आणि तरीही हेच तिवर इजिप्तच्या सिनाईपासून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियापर्यंत पसरलेलं आहे. सरळ रेषेत हे अंतर 13,000 किलोमीटरहून जास्त. एका पिढीने सरासरी एक किलोमीटर पुढे सरकायचं आणि पिढी दहा वर्षांची, असं धरलं तर हा प्रवास 1,30,000 वर्षांचा होतो. किनारा सरळ नसतो, म्हणजे प्रत्यक्षात वाट याहून लांबची. अधूनमधून एखादं बी प्रवाहाला लागून दूर गेलंही असेल. पण हा पल्ला गाठला तो मुख्यतः जवळच्या चिखलावर भरवसा ठेवूनच, असं मला वाटतं.

मच्छीमार नगराजवळ त्याच चिखलावर आता प्लास्टिक साचतं. पिशवी श्वसनमुळांवर बसली की मुळांची हवा कोंडते आणि बीला रुजायला जागा उरत नाही. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड बेकायदा ठरवली, पण पाण्याबरोबर येणारा कचरा निकालाने थांबत नाही. म्हणून एक विनंती: किनारा साफ करायचा तर बिया गळण्याआधी, पावसाळ्यापूर्वी करा आणि चिखलात पाय टाकताना कोवळी रोपं तुडवू नका.