डॉक्टरांचें अध्ययन संपतें केव्हां?

पदवी पदरांत पडून दारावर पाटी लागली, कीं डॉक्टरांचें शिक्षण संपलें, असा समज सुशिक्षित कुटुंबांतूनही आढळतो. वस्तुस्थिति याच्या उलट आहे.

जठरव्रणाचेंच, म्हणजे अल्सरचें, उदाहरण घ्यावें. चिंता, तिखट व वाढलेलें आम्ल हींच त्याचीं कारणें, असें विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. पथ्य, आम्लनाशक औषधें व अखेरीस शस्त्रक्रिया, हा उपचारांचा क्रम असे. पुढें ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांना अशा रोग्यांच्या जठरांत एक जंतु आढळला. जंतूनें व्रण होतो हें कोणास पटेना. तेव्हां १९८४ सालीं मार्शल यांनीं तो जंतु स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला! २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज असा जंतुजन्य व्रण थोड्या दिवसांच्या औषधांनीं बहुधा बरा होतो. १९७५ सालीं पदवी घेऊन ज्यांनीं पुस्तक मिटलें, त्यांचे रोगी मात्र दूधभातावरच राहिले असते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीं डॉक्टरांस पांच वर्षांत ३० तासांचें पुढील शिक्षण सांगितलें. महाराष्ट्रांत नोंदणीच्या नूतनीकरणाशीं त्याची सांगड घालण्यांत आली. हिशेब केल्यास महिन्यास अवघा अर्धा तास! तोही हजेरीची सही व भोजन यांत गेला, तर काय साधलें?

चरकसंहितेच्या विमानस्थानांत ज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा, म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्यांशीं चर्चा. आपला फसलेला उपचार समव्यवसायी मंडळींपुढें मांडून शंका विचारणें, हीच आमच्या मतें खरी संभाषा होय. तिच्यावांचून व्याख्यानें ऐकणें हें अर्धेंच शिक्षण.

येथें वाचकांचेंही एक कर्तव्य आहे. डॉक्टर "पाहून सांगतों" म्हणाले, कीं "यांना कांहीं येत नाहीं" असें ठरवून आपण दुसरा दवाखाना गांठतों. खात्री नसतां ठाम बोलण्याची संवय डॉक्टरांस अशानें आपणच लावतों. जे डॉक्टर आपल्यादेखत ग्रंथ उघडतात, अथवा दुसऱ्या तज्ज्ञांस विचारतात, त्यांच्या हातीं घरांतील आजारी मूल निःशंकपणें सोपवावें, असें आमचें सांगणें आहे.