फोटो उडवला, पण कुठून?

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ च्या रामनवमीचा, त्यामुळे इथे या दिवसाला दुहेरी मान. उत्सव आटोपला की घरोघरचे मोबाइल फोटो-व्हिडिओंनी गच्च भरलेले असतात. माझ्या मावशीचाही भरला. तिने गूगल फोटोज उघडलं, देवळातले शंभरेक फोटो निवडले आणि डिलीट केले. "वर आहेत ना सगळे? मग खालचे काढले तर काय बिघडलं?"

हाच सगळ्यात मोठा गैरसमज. मावशीच्या मनात क्लाउड म्हणजे माळा: घरातली वस्तू टाकून दिली तरी माळ्यावरची राहते. पण गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला, की तो फोनमधून आणि क्लाउडमधून, दोन्हीकडून जातो. बॅकअप नंतर बंद केला असला तरीही. फक्त फोन हलका करायचा असेल, तर त्याच अ‍ॅपमध्ये 'जागा मोकळी करा' हा पर्याय आहे. तो बॅकअप झालेल्या फोटोंचीच फोनमधली प्रत काढतो, वरची राहू देतो. त्याआधी बॅकअप पूर्ण झालाय का, ते मात्र डोळ्यांनी बघून घ्या.

याच्या अगदी उलट समजही गावात ऐकला: अ‍ॅप काढून टाकलं की क्लाउड रिकामा होतो. तसं होत नाही. अ‍ॅप गेलं तरी खात्यातल्या फाइल्स जागच्या जागी राहतात आणि जागाही अडवतात.

ही जागा फुकटात १५ जीबी मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून. एके काळी थोडा दर्जा कमी करून ठेवलेले फोटो या हिशेबात धरत नसत. १ जून २०२१ पासून नवे फोटो धरले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. म्हणून "मी तर काहीच ठेवलं नाही, मग भरलं कसं?" असं वाटलं, तर आधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप किती मोठा झालाय ते बघा. दुसऱ्याने ड्राइव्हवर शेअर केलेली फाइल आपल्या यादीतून काढून मात्र काहीच वाचत नाही. तिची जागा मालकाच्या खात्यात मोजली जाते.

आणि डिलीट केलं की लगेच जागा सुटते, हेही खरं नाही. फाइल आधी ट्रॅशमध्ये जाते आणि तिथेही जागा खात राहते. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते. फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस, न झालेला ३० दिवस. घाई असेल तर ट्रॅश हाताने रिकामा करता येतो, पण मग परतीची वाट नाही.

या गावाला फोटोचं मोल सांगावं लागू नये. इथल्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या होत्या. पुढे पोलिसांनी त्या शोधून आणल्या. अशा वेळी मूर्ती कशी होती हे दाखवायला जुना फोटोच हाताशी लागतो.

मावशीच्या लक्षात आलं तेव्हा दीड महिना उलटला होता. आम्ही ट्रॅश उघडला. फोटो होते. एकेक निवडून परत आणले, पाळण्याची दोरी धरलेला नातू दिसला, तेव्हा कुठे तिने फोन खाली ठेवला.