सेकंडहँड कॅम्पर व्हॅन घेताय? टोकन पाठवण्याआधी मोबाईलवर हे तपासा

व्हॅनमध्ये मागे गादी, छतावर सोलर, कोपऱ्यात छोटी शेगडी आणि सहस्रकुंड नाहीतर माहूरला दोन दिवस मुक्काम. असे रील्स बघून अनेकांच्या डोक्यात कॅम्पर व्हॅनचं खूळ बसतं. नवीन मोटरहोम काही खिशाला परवडत नाही. मग ऑनलाईन जाहिराती चाळता चाळता एखादी जुनी ओम्नी, विंगर किंवा ट्रॅव्हलर सापडते. मालकाने ती आतून स्वतःच बनवून घेतलेली असते आणि आता विकायला काढलेली असते.

नांदेड-लातूरकडे अशा गाड्या मोजक्याच, त्यामुळे बहुतेक जाहिराती पुणे, हैदराबाद किंवा बिदरकडच्या असतात. थेट मालकाकडून घेतली की दलाली वाचते हे खरं. पण कागद तपासून द्यायला मध्ये कुणीच नसतं, ते काम तुमचंच. त्यातलं बरंचसं फोनवर होतं. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: चावी मिळाली म्हणून गाडी तुमची होत नाही, आरसीवर तुमचं नाव लागलं की होते.

१. गाडी नंबरवरून कुंडली काढा

विक्रेत्याकडून आधी फोटो नको, गाडीचा नंबर मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच सोडा. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपमध्ये टाका आणि हे बघा:

- मालकाचं नाव: काही अक्षरं झाकलेली दिसतात, पण समोरच्या माणसाच्या नावाशी जुळतं की नाही ते कळतं. "गाडी मित्राची आहे, मी फक्त विकून देतोय" असं असेल तर मूळ मालकाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- नोंदणीची तारीख: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवावी लागते. ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्येच बंद झालं, त्यामुळे विक्रीला येणाऱ्या बऱ्याच ओम्नी या मुदतीच्या जवळ असतात.
- फायनान्स: बँकेचं नाव दिसत असेल तर गाडीवर बोजा आहे. कर्ज फिटलं असलं तरी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो.
- विमा आणि पीयूसी: दोन्हीच्या तारखा बघा.

विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, तो कुणीही बनवू शकतो. भेटल्यावर त्यालाच डिजिलॉकर उघडून आरसी दाखवायला सांगा. थकलेले दंड महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन वेबसाईटवर दिसतात. तिथे गाडी नंबरसोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात.

२. आत किचन आहे, पण आरसीवर काय आहे?

कॅम्पर व्हॅनमध्ये खरी गोची इथे होते. आपल्याकडे मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, आणि सरकारच्या वाहन प्रणालीत मोटर कॅरॅव्हॅन हा वेगळा वर्गही आहे. घरी बनवलेल्या बहुतेक गाड्यांच्या आरसीवर मात्र जुनाच वर्ग असतो: मोटर कार नाहीतर ओम्नी बस. सीट काढून पलंग बसवलेला असतो आणि आरसीवर आठ सीट तशाच असतात.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. असा बदल असेल तर नाव बदलताना किंवा १५ वर्षांनंतरच्या तपासणीत अडचण येऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी यावर बोट ठेवून क्लेम नाकारू शकते.

म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: "हा बदल आरसीवर चढवलाय का?" उत्तर "नाही" असेल तर आपल्या आरटीओत जाऊन त्या गाडीचं काय होऊ शकतं ते आधी विचारा. सहज उचलून बाहेर ठेवता येणारी गादी आणि पेटी वेगळी, सीट कापून वेल्डिंग केलेला पलंग वेगळा.

इंधनाचा रकानाही बघा. गाडीत एलपीजी किट असेल आणि आरसीवर फक्त पेट्रोल असेल, तर किटची नोंदच झालेली नाही. नंबर प्लेट पिवळी असेल तर गाडी व्यावसायिक वाहतुकीची आहे. ती खासगी करायला आरटीओची वेगळी परवानगी लागते.

३. परराज्यातली गाडी स्वस्त, पण कितीला पडेल?

देगलूर, धर्माबादहून तेलंगणा जवळ आणि उदगीर, निलंग्याहून बिदर जवळ. त्यामुळे टीएस, टीजी किंवा केए नंबरच्या गाड्या आपल्याला दिसणारच. अशी गाडी घेताना विक्रेत्याने त्याच्या आरटीओकडून एनओसी, म्हणजे फॉर्म २८, काढून द्यायला हवी. मग इथे नव्याने नोंदणी होते, एमएच २६ (नांदेड) किंवा एमएच २४ (लातूर) असा नंबर मिळतो आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. जाहिरातीतल्या किमतीत हा टॅक्स मिळवा आणि मगच स्वस्त की महाग ते ठरवा.

"तसाच नंबर ठेवून चालवा, कुणी विचारत नाही" असा सल्ला हमखास मिळतो. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घेणं बंधनकारक आहे.

४. गाडी बघायला जाताना

सोबत एक ओळखीचा मेकॅनिक न्या. फोनचा टॉर्च लावून चेसिस नंबर शोधा आणि आरसीवरच्या नंबरशी एकेक अक्षर जुळवा. खाडाखोड किंवा ताजं वेल्डिंग दिसलं तर परत फिरा. कॅम्परसाठी आणखी तीन गोष्टी:

- छत: सोलरसाठी जिथे भोकं पाडलीत तिथूनच गळती होते. छतावर दहा मिनिटं पाईपने पाणी मारा आणि आतून बघा.
- बॅटरी: पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी काही तास विश्रांतीनंतर मल्टीमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर जवळपास रिकामी. अर्धा तास पंखा आणि दिवे चालवून बघा.
- गॅस: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. म्हणून सिलेंडरच्या जागेला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी. जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा.

५. पैसे देताना

"मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी कॅन्टोन्मेंटमध्ये आहे, टोकन पाठवा, घरपोच देतो." ही फसवणूक जुनी आहे, तरी आजही चालते. गाडी आणि माणूस समोर नसताना एक रुपयाही पाठवू नका. विक्रेता "पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणाला तर लक्षात ठेवा: पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

मोठी रक्कम एनईएफटी किंवा आरटीजीएसने, आणि आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात टाका. पाठवण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये खातेदाराचं नाव तपासून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. काही रक्कम नाव बदलेपर्यंत मागे ठेवायचं आधीच ठरवा आणि कागदावर लिहा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं अवघड.

६. गाडी नावावर करा, लगेच

विक्रीची खबर देणारा फॉर्म २९ आणि नाव बदलण्याचा फॉर्म ३०, दोन्हीवर तारखेसह सह्या घ्या. परिवहनच्या वेबसाईटवर अर्ज करता येतो, तेव्हा ओटीपीसाठी विक्रेता सोबत असलेला बरा. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा तुमच्या नावावर करायलाही १४ दिवस आहेत.

यात विक्रेत्याचाही जीव अडकलेला असतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात एक कार २००७ मध्ये विकली गेली आणि पुढे हात बदलत गेली, पण आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर टाकली, कारण कायद्याने मालक तोच होता.

म्हणून विक्रेता "सही केलेले कोरे फॉर्म घ्या, सावकाश नावावर करा" म्हणाला, तर त्याला ही केस सांगा. बहुतेक वेळा तो स्वतःच तुमच्यासोबत आरटीओत येईल.