बांधावरचे समुपदेशन

नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी मनाच्या डॉक्टरकडे गेलेला माणूस लपून राहत नाही. दवाखान्याची पायरी चढताना कोणी ना कोणी त्याला पाहतोच, आणि संध्याकाळपर्यंत ती वार्ता सोयऱ्यांच्या घरी पोहोचलेली असते. मुलीचे लग्न जुळवण्याच्या बेतात असलेला बाप ती पायरी टाळतो, यात अज्ञान थोडे आणि व्यवहारज्ञानच अधिक.

मानसोपचार खोलीबाहेर, चालता चालता करण्याच्या पद्धतीचा विचार आपल्याकडे या पायरीपासून व्हावयास हवा. कल्पना तशी जुनी आहे. 1910 च्या ऑगस्टमध्ये संगीतकार गुस्ताव माहलर यांची व्यथा सिग्मंड फ्रॉइड यांनी हॉलंडमधील लायडन शहरात त्यांच्याबरोबर सुमारे चार तास फिरत ऐकून घेतली. रुग्णाला कोचावर निजवणाऱ्या पंथाच्या प्रवर्तकानेच हे करावे, ही गंमतच म्हणावयाची! पुढे 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ थॅडियस कोस्त्रुबाला तर रुग्णांसह धावू लागले.

चालणारी दोन माणसे समोरासमोर नसतात, शेजारी असतात. नजरेला नजर द्यावी लागत नाही. बोलणे खुंटले तरी पाय चालतच असतात, म्हणून मौनाचा संकोच वाटत नाही. कर्जाची गोष्ट टेबलापलीकडच्या माणसाला सांगताना शेतकऱ्याला बँकेतील साहेबापुढे उभे राहिल्यासारखे वाटते. बांधावर तीच गोष्ट कपाशीच्या बोलण्यातून आपसूक निघते. शेगावच्या पायी वाऱ्या करणाऱ्या वऱ्हाडाला हे निराळे सांगावयास नको.

प्रश्न हौसेचा नाही. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागले तरी ते पिकाच्या कामाचे असेलच असे नाही, आणि शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव वर्षानुवर्षे येते. राज्य शासनाने 2015 मध्ये 14 जिल्ह्यांत सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पाने आशा कार्यकर्त्यांना घरोघरी धाडले. विदर्भातीलच 30 गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने गावपातळीवर समुपदेशन नेले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी उपचार मागणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. रुग्ण येत नव्हते ते पायरीमुळे, असे यावरून म्हणण्यास जागा आहे.

तथापि उघड्यावर आडोसा नसतो, ही अडचण खरी. दोघे वाटेने निघाले की तिसरा हटकतोच, “कुठी चालले भाऊ?” 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, तो गाडरस्त्यावरही पाळला गेला पाहिजे. वाटेत ओळखीचे कोणी भेटल्यास काय सांगावयाचे, हे समुपदेशकाने आधीच ठरवून घ्यावे, आणि वाट रुग्णाला निवडू द्यावी. वैशाखातील दुपार तर वर्ज्यच. सुनेने परक्या पुरुषाबरोबर शिवारात फिरणे गाव खपवून घेणार नाही. तिच्यासाठी आशाताईच हवी, आणि तिला त्यासाठी शिक्षण व मोबदला दोन्ही हवेत. शिवाय ज्याला औषधाची गरज आहे त्याला नुसते फिरवून आणणे हा अपराध ठरेल. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा ज्याच्या तोंडी आली, त्याला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरकडे नेले पाहिजे.

2022 पासून ‘टेली मानस’चा 14416 हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. दोन खोल्यांच्या घरात, चार माणसांदेखत तो लावता येत नाही. फोन घेऊन माणूस बांधाकडेच निघतो.