राहुरीचा स्फटिक व त्याची संज्ञा

अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत, विहीर खणतांना काळवथर फुटला कीं कधीं कधीं आंत एखादी पोकळी लागते आणि तिच्या भिंतींवर स्फटिक चमकूं लागतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून राहिले. पुढें त्या पोकळ्यांत झिरपलेल्या उष्ण पाण्यानें आपल्याबरोबर आणलेलीं द्रव्यें तेथें सावकाश ठेवलीं. राहुरीजवळील मोमीन आखाडा येथें मिळालेले अ‍ॅपोफिलाइट या खनिजाचे हिरवे गोळे तर परदेशांतील संग्राहकांपर्यंत जाऊन पोंचले आहेत.

या खनिजाचा सुटा स्फटिक पुष्कळदां फांशासारखा असतो. सहा बाजू, सारे कोन काटकोन आणि कोपरे तिरपे कापलेले. पाहणारा त्यास निःशंकपणें घन म्हणतो. यांत डोळ्यांचा दोष नाहीं, पण निर्णय मात्र चुकीचा आहे. हातीं भिंग घेऊन पाहावें. समोरासमोरच्या दोन बाजूंवर मोत्याची झळाळी दिसते. हिच्यावरूनच युरोपांत या खनिजास ‘मत्स्यनेत्र’ अशा अर्थाचें ग्रीक नांव पूर्वीं मिळालें होतें. उरलेल्या चार बाजू काचेसारख्या असून त्यांवर उभ्या बारीक रेघा असतात. खऱ्या घनाच्या सहा बाजूंत असा पंक्तिभेद संभवत नाहीं. शिवाय कापलेल्या कोपऱ्याचा तळापासूनचा उतार मोजला तर तो सुमारें ६० अंश भरतो; घनाचा असता तर तो पावणेपंचावन्न अंशांच्या आसपास भरला असता.

प्रकाशाची परीक्षा येथें जवळजवळ फसते. घन स्फटिकांतून किरण कोणत्याही दिशेनें गेला तरी तो दुभंगत नाहीं. इतर स्फटिकांत दुभंगतो. परंतु अ‍ॅपोफिलाइटमध्यें हें दुभंगणें इतकें सूक्ष्म आहे कीं सहज ध्यानांत येऊं नये. अखेर क्ष-किरणांनीं निवाडा केला. टेलर व नाराय-साबो यांनीं १९३१ सालीं या खनिजाची आंतील घडण उकलली. ज्या लहानांत लहान पेटीची पुनरावृत्ति होऊन हा स्फटिक बनतो तिचा तळ चौरस असून तळाची बाजू सुमारें ९ अँगस्ट्रॉम आणि उंची सुमारें १६ अँगस्ट्रॉम आहे. सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले असतां एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.

या घडणीची संज्ञा ‘पी ४/एम एन सी’ अशी लिहितात. पुष्कळ विद्यार्थी ती मंत्रासारखी घोकतात. तसें करण्याचें कारण नाहीं. ‘पी’ म्हणजे पेटीच्या केवळ कोपऱ्यांशींच समान बिंदु आहेत, मध्यभागीं किंवा बाजूंवर जादा बिंदु नाहींत. ‘४’ म्हणजे उभा अक्ष धरून पाव वळसा दिला असतां रचना पूर्ववत् दिसते. सोंगट्यांचा पट पाव फिरविला तरी तसाच दिसतो, तद्वत्. तिरक्या रेघेपुढील ‘एम’ हा त्या अक्षास आडवा ठेवलेला आरसा; त्यामुळें वरचें अर्ध खालच्याचें प्रतिबिंब ठरतें.

‘एन’ आणि ‘सी’ समजण्यासाठीं गौरींच्या दिवसांत उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत काढलेलीं पावलें आठवावीं. उजवें पाऊल हें डाव्याचें आरशांतील प्रतिबिंब खरें, पण तें समोरासमोर नसून एक पाऊल पुढें सरकलेलें असतें. ‘सी’ हा असाच सरकता आरसा. तो तळाच्या कर्णास आडवा असून प्रतिबिंब अर्धी उंची वर सरकवितो. ‘एन’ चा आरसा तळाच्या बाजूस आडवा असतो आणि प्रतिबिंब अर्धें वर व अर्धें बाजूला, म्हणजे तिरपें नेतो. हें सरकणें काहीं अँगस्ट्रॉमांचेंच असल्यानें स्फटिकाच्या बाह्य आकारांत त्याचा मागमूसही लागत नाहीं.

आतां मूळ शंका. घन स्फटिकाच्या संज्ञेंत दुसऱ्या स्थानीं ‘३’ हा अंक असावाच लागतो, कारण घनाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारा अक्ष तिहेरी असतो. स्वयंपाकघरांतील मिठाची संज्ञा ‘एफ एम ३ एम’ (त्या ३ वर आडवी रेघ काढतात). राहुरीच्या स्फटिकाच्या संज्ञेंत ३ नाहीं, एवढ्यावरच वादाचा निकाल लागतो. अशा घडणी एकंदर २३० च संभवतात, हें रशियांत फेडोरोव्ह व जर्मनींत शोनफ्लीस यांनीं १८९१ पर्यंत स्वतंत्रपणें सिद्ध केलें होतें. आजची लेखनपद्धति मात्र हेर्मान व मोगँ यांची.

संज्ञा द्रव्य सांगत नाहीं, बंधांचें बळही सांगत नाहीं. पण चौपट अक्ष कोठें आहे हें कळलें कीं पुढचें उमगतें. सिलिकॉन व प्राणवायूचे थर त्या अक्षास आडवे रचलेले असून थरांमध्यें कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाणी आहे. म्हणून मोत्याच्या झळाळीच्या बाजूला समांतर असा हा स्फटिक थोड्या आघातानेंही चिरतो, आणि तापविला तर पाणी जाऊन त्याच्या पापुद्र्या सुटतात. १८०६ मध्यें आउई यानें ‘अ‍ॅपोफिलाइट’ हें नांव ठेवलें तें या पापुद्र्यांवरूनच. ज्यांच्या घरीं राहुरीचा असा खडा असेल त्यांनीं तो कोमट पाण्यानें मऊ कुंचल्यानें पुसावा, दिव्याजवळ ठेवूं नये, आणि कोणत्या गांवच्या विहिरींतून निघाला याची चिठ्ठी त्याच्याबरोबर ठेवावी.