ताटांची अदलाबदल

सकाळी बीफचे सॉसेज आणि पॅनकेक, दुपारी हॅम्बर्गर आणि फ्रेंच फ्राईज. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागात मक्याच्या जाडसर खिमटीवर आणि शेंगा-भाज्यांवर वाढलेल्या 20 जणांना दोन आठवडे हे जेवण वाढलं गेलं. तिकडे अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या 20 आफ्रिकी-अमेरिकनांच्या ताटात मका, चवळी, भेंडी आणि पालक आला. डॉ. स्टीफन ओकीफ यांच्या चमूचा हा प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागचं कोडं मोठं होतं. मोठ्या आतड्याचा कर्करोग आफ्रिकी-अमेरिकनांत दर लाखामागे सुमारे 65 जणांना होतो, तर त्या आफ्रिकी खेड्यांत पाचांहूनही कमी जणांना. प्रयोगाआधी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा जवळजवळ निम्म्या अमेरिकनांच्या आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेले कोंब दिसले. आफ्रिकेतल्या एकाच्याही आतड्यात तसं काही नव्हतं.

या फरकाचा एक धागा कोलेस्टेरॉलपाशी पोचतो. कोलेस्टेरॉल म्हटलं की आपला हात छातीकडे जातो, पण त्याचा एक रस्ता पोटातून जातो. यकृत त्याच्यापासूनच पित्ताम्लं बनवतं. स्निग्ध घास आतड्यात उतरला की पित्ताशय आवळतं आणि तेलकट कढईवर साबण चालावा तसं पित्त चरबीवर काम करतं. काम झालं की सुमारे 95 टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटाला परत शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यात उतरतात, आणि खरा धोका तिथे आहे. तिथले जिवाणू त्यांचं डीऑक्सिकोलिक आम्ल करतात. ते अस्तराला सतत डिवचतं, पेशींच्या डीएनएला इजा करतं. जेवण जितकं तुपट-तेलकट, तितकं हे आम्ल जास्त. जिवाणूंना चोथा मिळाला, तर मात्र ते ब्युटिरेट तयार करतात. अस्तराच्या पेशी त्यावरच पोसतात.

दोन आठवड्यांत अमेरिकनांचं ब्युटिरेट अडीच पट झालं, घातक पित्ताम्लं 70 टक्क्यांनी घटली, अस्तराचा दाह कमी झाला. आफ्रिकेतल्या मंडळींचं ब्युटिरेट निम्म्यावर आलं आणि ती पित्ताम्लं कैक पटींनी वाढली. दोनच आठवड्यांत! हे वाचून मी हादरले.

तरी दाह म्हणजे कर्करोग नव्हे. तो व्हायला वर्षं जातात. आणि एकट्या चरबीला फासावर चढवायला मी तयार नाही. अमेरिकेत 48,835 स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत काहींना आहारातली चरबी कमी करायला लावली. आठ वर्षांनी पाहिलं, तर या कर्करोगाचं प्रमाण घटलेलं नव्हतं. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलविरुद्धचा पुरावाही असाच लेचापेचा आहे. प्रक्रिया केलेल्या मांसाविरुद्धचा पुरावा मात्र भक्कम: रोज 50 ग्रॅम खाल्लं तर धोका 18 टक्क्यांनी वाढतो.

ओकीफ यांनी अमेरिकनांच्या ताटातली चरबी निम्म्याहून कमी केली, ही अर्धीच गोष्ट. त्याच ताटात चोथा दिवसाला 14 ग्रॅमवरून 55 ग्रॅमवर गेला होता.